खोळंब्याचा हिशेब : सी भाषेतील एककालिक नेटवर्क-व्यवहाराचा इतिहास

एकाच प्रोग्रॅमने एकाच वेळी अनेक ठिकाणांशी देवघेव करावी, आणि त्यांपैकी कोणत्याही एका ठिकाणच्या विलंबामुळे इतरांचा खोळंबा होऊ नये, ही मागणी ऐकावयास साधी वाटते. परंतु सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमांच्या बाबतीत ती पुरी करण्यासाठी सुमारे चार दशके प्रयत्न चालले, आणि ती पूर्णांशाने पुरी झाली असे आजही म्हणवत नाही. या प्रयत्नांचा इतिहास बहुधा सर्व्हरच्या बाजूने सांगितला जातो. सन १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी एका यंत्रावर दहा हजार ग्राहक एकाच वेळी कसे सांभाळावेत हा प्रश्न मांडला; निरनिराळ्या कर्नलांच्या कर्त्यांनी त्याची उत्तरे शोधली; आणि तेथून पुढे सर्व सुरळीत झाले, असा त्या कथनाचा सारांश असतो. हे कथन खोटे नाही, परंतु ते एकांगी आहे. सर्व्हरपुढे जो प्रश्न होता तोच, किंबहुना अधिक गुंतागुंतीच्या रूपात, मागणी करणाऱ्या प्रोग्रॅमपुढेही होता. आणि त्या बाजूचा वृत्तांत इतिहासलेखकांनी फारसा नोंदलेला नाही. शिवाय हा सारा प्रकार केवळ वेगवृद्धीचा मानला गेल्यामुळे त्यातील मूळ प्रश्न झाकला जातो. तो प्रश्न असा की, कोणकोणत्या गोष्टींची वाट पाहावयाची आहे आणि प्रत्येक काम कोठवर आले आहे याची नोंद कोणी ठेवावी? प्रोग्रॅमने, कर्नलने, की या दोहोंच्या मध्ये उभ्या असलेल्या लायब्ररीने?

या प्रश्नाचे मूळ युनिक्सच्या आद्य रचनेत आहे. बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून जी प्रणाली घडविली आणि १९७३ मध्ये जिचे कर्नल सी भाषेत पुन्हा लिहिले गेले, तिच्यात फाइल, टर्मिनल, टेपयंत्र या सर्वांशी होणारा व्यवहार 'रीड' आणि 'राइट' या दोन मागण्यांनी होत असे. 'रीड' ही मागणी केली की विदा हाती येईपर्यंत प्रोग्रॅम निद्रिस्त होई आणि कर्नल तोवर दुसऱ्या कोणाचे काम पुढे चालवी. कालविभाजनाच्या प्रणालीत हे सर्वथा योग्यच होते. यंत्र महाग होते, त्याचा एक क्षणही वाया जाऊ नये ही दृष्टी होती. आणि एक प्रोग्रॅम झोपल्याने यंत्राचे काही बिघडत नव्हते. बिघडत होते ते त्या एका प्रोग्रॅमचे. ज्याला दोन दिशांकडे कान द्यावयाचे आहेत त्याने काय करावे, या प्रश्नास युनिक्सचे उत्तर 'दोन प्रक्रिया निर्माण कराव्यात' असे होते. सातव्या आवृत्तीतील (१९७९) 'सीयू' हा दूरस्थ यंत्राशी संभाषण करणारा प्रोग्रॅम याचे उत्तम उदाहरण होय. त्याचे दोन भाग होत. एक कळफलकाकडून येणारे तारेवर पाठवी, दुसरा तारेवरून येणारे पडद्यावर उतरवी. दोघांनाही आपापल्या जागी निश्चिंतपणे झोपण्याची मुभा होती. योजना सुटसुटीत होती, आणि तिचा मोह आजही ओसरलेला नाही. मात्र दोन दिशांच्या जागी वीस आल्या, व त्या वीसांच्या हालहवालावरून एकच निर्णय घ्यावयाचा झाला, की ती अपुरी पडते.

नेटवर्क आले आणि ही वेळ आली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधनसंस्थेने, म्हणजे डार्पाने, बर्कली येथील विद्यापीठास युनिक्समध्ये टीसीपी-आयपी अंतर्भूत करण्याचे काम दिले होते. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने जुने नियम टाकून टीसीपी-आयपी स्वीकारले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ४.२ बीएसडी ही आवृत्ती बाहेर पडली. तिच्यातील सॉकेटची रचना सर्वपरिचित आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिच्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे 'सिलेक्ट' ही मागणी. सिलेक्टला तीन संच द्यावयाचे: कोणते डिस्क्रिप्टर वाचण्याजोगे होतात ते पाहावयाचे, कोणते लिहिण्याजोगे होतात ते, आणि कोणांवर अपवादात्मक काही घडले ते. जोडीला किती काळ थांबावयाचे याची मर्यादा. यांपैकी काहीही घडले की प्रोग्रॅम जागा होतो आणि तेच संच, आता केवळ सिद्ध झालेल्या डिस्क्रिप्टरांच्या खुणांसह, त्याच्या हाती परत येतात. येणेप्रमाणे एकाच प्रक्रियेला अनेकांची वाट एकाच ठिकाणी बसून पाहता येऊ लागली. ४.३ बीएसडीमधील (१९८६) 'आयनेटडी' हा याच तत्त्वावर उभा होता; अनेक सेवांच्या दारांवर तो एकटाच पहारा करी आणि कोणी दार ठोठावले की त्या सेवेचा प्रोग्रॅम सुरू करून देई.

सिलेक्टने दिलेली ग्वाही कितपत पक्की असते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. कारण नवशिक्या प्रोग्रॅमकाराची पहिली फसगत येथेच होते. एखादे सॉकेट वाचण्याजोगे आहे असे सिलेक्टने सांगितल्यानंतरही प्रत्यक्ष वाचताना प्रोग्रॅम खोळंबू शकतो. लिनक्सच्या नियमपुस्तिकेतच असा प्रसंग दिला आहे की, विदा येऊन पोचली, सिलेक्टने तशी वर्दी दिली, परंतु तपासणीत तिची बेरीज जुळली नाही म्हणून कर्नलने ती टाकून दिली. आता वाचावयास काहीच उरले नाही. लिहिण्याचेही तसेच: 'लिहिण्याजोगे' याचा अर्थ थोडी जागा आहे इतकाच, हवी तेवढी आहे असा नव्हे. म्हणून सिलेक्टच्या जोडीला सॉकेट स्वतः नॉन-ब्लॉकिंग, म्हणजे न खोळंबणारे, करावे लागते. वाट पाहण्याची सोय आणि न थांबण्याची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीवाचून दुसरी अपंग आहे. वाट पाहण्याची सोय नसेल तर प्रोग्रॅम 'आले का, आले का' असे विचारीत यंत्राची सारी शक्ती खर्ची घालतो. आणि न थांबण्याची सोय नसेल तर एखाद्या अवचित क्षणी सर्वच व्यवहार ठप्प होतो.

या दुसऱ्या सोयीच्या तपशिलात युनिक्सच्या दोन घराण्यांत मोठा मतभेद होता. सिस्टिम फाइव्हमध्ये 'नोडिले' ही खूण लावली असता विदा नसलेल्या ठिकाणी 'रीड' शून्य हे उत्तर देई. परंतु शून्याचा रूढ अर्थ 'समाप्ती' असा होता. म्हणजे 'अजून काही आले नाही' आणि 'आता काही येणार नाही' या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टींना एकच उत्तर! बर्कलीवाल्यांनी हा घोटाळा टाळून 'खोळंबा झाला असता' अशा अर्थाचा स्वतंत्र त्रुटिक्रमांक योजला. १९८८ च्या पॉझिक्स मानकाने 'नॉनब्लॉक' ही नवी खूण आणि 'पुन्हा प्रयत्न करा' या अर्थाचा त्रुटिक्रमांक ठरवून हा वाद मिटविला. नव्या नावाची गरज का पडली हे यावरून कळते. जुने नाव ठेवून अर्थ बदलला असता तर जुने प्रोग्रॅम मूकपणे बिघडले असते.

जोडणीची क्रिया यातही अधिक नाजूक. टीसीपीची जोडणी तीन निरोपांच्या देवघेवीने होते. समोरचे यंत्र दूर असेल तर तिला वेळ लागतो आणि यंत्र बंदच असेल तर कित्येक सेकंद, क्वचित मिनिटेही जातात. न खोळंबणाऱ्या सॉकेटवर 'कनेक्ट' ही मागणी केली असता ती 'काम चालू आहे' असे सांगून तत्काळ परतते. पुढे ते सॉकेट लिहिण्याजोगे झाले की जोडणीचा निकाल लागला असे समजावयाचे. मात्र तो निकाल यशाचा की अपयशाचा हे सॉकेटकडे त्याच्या त्रुटीची वेगळी चौकशी करूनच कळते. ही चौकशी विसरणारे प्रोग्रॅम अपयशी जोडणीवर विदा लिहू पाहतात, आणि दोष भलत्याच ओळीवर येतो.

सिलेक्टचा दुसरा दोष त्याच्या संचांच्या रचनेत होता. ४.२ मध्ये हे संच साध्या पूर्णांकांच्या रूपात दिले जात. प्रत्येक डिस्क्रिप्टरास एक बिट. पुढे त्यासाठी ठरावीक आकाराची स्वतंत्र रचना आली. अनेक प्रणालींवर तिची मर्यादा १०२४ ठरली. सिस्टिम फाइव्हने तिसऱ्या आवृत्तीत 'पोल' ही पर्यायी मागणी आणली. तीत बिटांच्या संचाऐवजी नोंदींची यादी देता येते आणि यादीच्या लांबीला तशी मर्यादा नाही. लिनक्समध्ये पोल ही स्वतंत्र मागणी म्हणून १९९७ मध्ये आली. तथापि मर्यादा गेली तरी पद्धत तीच राहिली. प्रत्येक वेळी संपूर्ण यादी कर्नलपुढे ठेवावयाची, कर्नलने ती आरंभापासून शेवटापर्यंत तपासावयाची, आणि उत्तर मिळताच प्रोग्रॅमने पुन्हा ती चाळून कोण सिद्ध झाले ते शोधावयाचे. कर्नलला मागील वेळचे काहीही आठवत नसे. सावकाराकडे दररोज जाऊन आपल्या साऱ्या देण्याघेण्याची यादी पहिल्यापासून वाचून दाखवावी, तसा हा प्रकार होता.

दरम्यान मागणी करणाऱ्या प्रोग्रॅमांची स्थिती पालटली ती जागतिक जालामुळे. एका पानात मजकूर व अनेक चित्रे, आणि प्रत्येक चित्रासाठी वेगळी मागणी, अशी एचटीटीपीची मूळ रीत. समजा, एका पानाला चाळीस फायली हव्या आहेत आणि प्रत्येक मागणीच्या जाण्यायेण्यात एकपंचमांश सेकंद जातो. एकामागून एक मागविल्यास केवळ वाट पाहण्यात आठ सेकंद जातील, मग तारेची क्षमता कितीही असो. एकाच वेळी अनेक मागण्या करण्याचे समर्थन येथे आहे. तारेतून अधिक विदा वाहावी हा त्याचा प्रधान हेतू नसतो. वाट पाहण्याचे काळ एकमेकांवर रचले जावेत हा असतो. १९९४ मध्ये अवतरलेल्या नेटस्केप नॅव्हिगेटरने एकाच सर्व्हरशी एकदम चार जोडण्या करण्याची रीत लोकप्रिय केली. त्यावर सर्व्हरांवरील भाराची तक्रार आलीच. १९९७ च्या एचटीटीपी १.१ च्या मसुद्याने एका ग्राहकाने एका सर्व्हरशी दोहोंपेक्षा अधिक जोडण्या ठेवू नयेत असा संकेत घातला व १९९९ च्या सुधारित मसुद्याने तो कायम ठेवला. ब्राउझरांनी तो पुढे सर्रास मोडला, आणि २०१४ च्या आवृत्तीत तो आकडा काढून टाकण्यात आला. नियम मोडला जातो म्हणून बदलावा, हे मानकांच्या इतिहासात नवीन नाही.

सर्व्हरच्या बाजूचा भाग येथे थोडक्यात सांगितला तरी चालण्यासारखे आहे, कारण तो अन्यत्र विपुल लिहिला गेला आहे. १९९९ मध्येच गौरव बंगा, जेफ्री मोगल व पीटर ड्रुशेल यांनी अशी मांडणी केली की वाट पाहण्याच्या गोष्टींची नोंद कर्नलने कायम ठेवावी आणि प्रोग्रॅमला केवळ घडलेल्या घटना कळवाव्यात. जोनाथन लेमन यांच्या 'केक्यू'ने हे तत्त्व २००० मध्ये फ्रीबीएसडीत आणले. डाविडे लिबेन्झी यांचा 'ईपोल' २००२ मध्ये लिनक्सच्या २.५ या विकासशाखेत दाखल झाला. सावकाराने अखेर खातेवही घातली. दहा हजार सॉकेटांपैकी तिघांवर काही घडले तर आता तिघांचीच नावे येतात. कामाचा बोजा नोंदींच्या संख्येवर न राहता घटनांच्या संख्येवर राहतो.

परंतु कर्नलच्या खात्यात 'कोणाची वाट पाहावयाची' इतकेच लिहिले जाते. 'ती संपल्यावर पुढे काय करावयाचे' हे तेथे नसते, आणि सी भाषेतील प्रोग्रॅमकाराची खरी अडचण हीच आहे. खोळंबणाऱ्या शैलीत लिहिलेल्या कार्यात हे ज्ञान आपोआप जपले जाते. नाव शोधा, जोडा, मागणी पाठवा, शीर्षके वाचा, मजकूर वाचा, अशा ओळी एकाखाली एक असतात. कार्य ज्या ओळीवर झोपले त्याच ओळीवर जागे होते, आणि त्याचे सारे स्थानिक चल स्टॅकवर जसेच्या तसे असतात. स्टॅक हीच त्याची स्मृती. न खोळंबणाऱ्या शैलीत कार्याला झोपता येत नाही. त्याला परतावे लागते, आणि परतताच स्टॅकवरील स्मृती पुसली जाते. म्हणून जे जे आठवावयाचे ते प्रत्येक व्यवहाराच्या एका स्वतंत्र रचनेत हाताने लिहून ठेवावे लागते: अवस्था कोणती, किती बाइट गेले, किती उरले, शीर्षकाची ओळ अर्धी राहिली असल्यास तिचा किती भाग हाती आला. ज्या भाषांत कार्य मध्येच थांबवून पुन्हा सुरू करण्याची सोय भाषेनेच दिली आहे त्यांत हे लेखन भाषांतरक करतो. सी भाषेत तशी सोय नाही; तेथे ही वही प्रोग्रॅमकाराने स्वतःच लिहावयाची असते.

ही वही एकदाच, सर्वांसाठी, लिहून ठेवण्याचा जो सर्वांत दीर्घ प्रयत्न झाला तो 'लिबकर्ल' या लायब्ररीत पाहावयास मिळतो. तिचा उगम अगदी किरकोळ. ब्राझीलच्या राफाएल सागुला यांनी 'एचटीटीपीगेट' नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला होता. स्वीडनच्या डॅनिएल स्टेनबर्ग यांना १९९६ मध्ये चलनाचे दर आपोआप मिळविण्यासाठी तो उपयोगी पडला, आणि त्यांनी तो वाढविला. मार्च १९९८ मध्ये 'कर्ल' हे नाव आले. २००० मध्ये त्यातून लायब्ररी वेगळी काढण्यात आली. तिचा आरंभीचा मार्ग 'ईझी' या नावाने ओळखला जातो आणि तो सरळ खोळंबणारा होता. एक हँडल घ्यावे, त्यावर पत्ता व अन्य अटी लिहाव्यात, 'परफॉर्म' म्हणावे. विदा पूर्ण येईपर्यंत ते कार्य परतत नसे. २००२ मध्ये 'मल्टी' हा दुसरा मार्ग उघडला. त्यात अनेक ईझी हँडले एका मल्टी हँडलमध्ये जमा करावयाची. मल्टीचे परफॉर्म प्रत्येक व्यवहार जमेल तितका पुढे ढकलून तत्काळ परतते आणि किती व्यवहार अद्याप चालू आहेत ते सांगते. कोणते संपले व कोणत्या निकालाने संपले हे निरोपांच्या रांगेतून वेगळे वाचावयाचे. कर्नलची खातेवही वेगळी, ही वेगळी; येथे प्रत्येक व्यवहाराची अवस्था लायब्ररी जपते.

मल्टीच्या जन्मीच एक प्रश्न उभा राहिला. वाट पाहण्याची वेळ आली की पाहावयाची कोणी? लायब्ररी परतते, प्रोग्रॅमला इतरही कामे असतात. म्हणून लायब्ररीने आपले डिस्क्रिप्टर सिलेक्टच्या संचांत भरून द्यावेत आणि सिलेक्ट प्रोग्रॅमने स्वतः करावे, अशी वाटणी ठरली. ही वाटणी तत्त्वतः उत्तम होती. ज्याची घटनांची फेरी अगोदरच चालू आहे त्याच्या फेरीत लिबकर्ल शिरू शके. व्यवहारात तिच्यातून बऱ्याच अडचणी निघाल्या. कधी कधी लायब्ररीकडे द्यावयास एकही डिस्क्रिप्टर नसे, उदाहरणार्थ नावाचा शोध चालू असताना. अशा वेळी सर्वांत मोठ्या डिस्क्रिप्टरच्या जागी उणे एक हा आकडा येई. रिकाम्या संचांसह सिलेक्ट करून दीर्घ काळ झोपलेल्या प्रोग्रॅमला मधल्या काळात काही घडले तरी पत्ता लागत नसे. तशा प्रसंगी सुमारे शंभर मिलिसेकंद थांबून पुन्हा विचारावे, असा सल्ला लायब्ररीच्या नियमपुस्तिकेत द्यावा लागला. गिट या संहितासंग्राहक प्रोग्रॅमातही, जो मल्टी मार्ग वापरतो, याच कारणासाठी पन्नास मिलिसेकंदांचा विराम हाताने लिहिलेला आढळतो. न खोळंबणाऱ्या व्यवहाराच्या गाभ्यात असा अंदाजाचा विराम ठेवावा लागणे ही त्या वाटणीतील उणीव होती, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

दुसरी अडचण याहून गंभीर. १०२४ वा वा त्यापुढील क्रमांकाचा डिस्क्रिप्टर ठरावीक आकाराच्या संचात नोंदविला की तो बिट संचाबाहेरच्या स्मृतीत लिहिला जातो. त्रुटी कळविली जात नाही. शेजारचा एखादा चल मात्र बदलतो. शेकडो व्यवहार एकदम चालविणाऱ्या प्रोग्रॅमांत हा दोष कित्येक तासांनी, आणि भलत्याच ठिकाणी, प्रकट होत असे. तिसरी अडचण किरकोळ असली तरी सूचक आहे: २०१० पूर्वी मल्टीचे परफॉर्म 'मला लगेच पुन्हा बोलवा' असेही उत्तर देई, आणि ते न पाहणारा प्रोग्रॅम विनाकारण झोपी जाई. ७.२०.० या आवृत्तीपासून लायब्ररी ही पुनरावृत्ती स्वतःच करू लागली व ते उत्तर इतिहासजमा झाले.

या अडचणींवरचे उपाय दोन निरनिराळ्या दिशांनी गेले. २००६ च्या सुमारास आलेल्या 'मल्टी सॉकेट' मार्गात लायब्ररी प्रोग्रॅमला प्रत्येक सॉकेटबद्दल निरोप देते: याचे वाचन पाहा, त्याचे लेखन पाहा, हे आता सोडून द्या, शिवाय इतक्या वेळाने मला उठवा. प्रोग्रॅमने ते ईपोल किंवा केक्यूमध्ये नोंदवावे आणि काही घडल्यास त्या एका सॉकेटबद्दलच लायब्ररीला कळवावे. हजारो व्यवहारांसाठी हाच मार्ग योग्य, परंतु तो वापरण्यास कठीण. ज्यांना इतके नको त्यांच्यासाठी २०१२ मध्ये 'मल्टी वेट' आले. त्यात लायब्ररी स्वतःच पोलच्या साह्याने वाट पाहते आणि १०२४ चे बंधन सुटते. मात्र पाहण्यासारखे काही नसले तर ते तत्काळ परते, आणि निष्काळजी फेरी त्यामुळे यंत्राला अखंड राबवी. हा दोष २०१९ च्या 'मल्टी पोल'ने काढला. दुसऱ्या थ्रेडवरून त्याला मध्येच जागे करण्याची सोय २०२० च्या प्रारंभी मिळाली. म्हणजे २००२ मध्ये 'वाट तुम्ही पाहा' म्हणणाऱ्या लायब्ररीने सतरा वर्षांनी 'वाट मीच पाहते' असे सोयीस्कररीत्या म्हणावयास आरंभ केला.

या वृत्तांतातील एक विसंगती लक्षणीय आहे. २०१३ मध्ये लिबकर्लच्या अंतर्भागाची अशी फेररचना झाली की खोळंबणारा ईझी मार्गही आतून न खोळंबणाऱ्या यंत्रणेवरच चालू लागला. खोळंबा हा आता मूळ धर्म न राहता वरून घातलेले आवरण झाला. आणि तरीही ज्या कर्ल आज्ञेसाठी हे सारे जन्मास आले तिला अनेक फायली एकाच वेळी आणण्याची मुभा २०१९ मध्ये, ७.६६.० या आवृत्तीत, मिळाली. क्षमता असणे आणि ती सामान्य वापरात येणे यांत किती अंतर पडते, याचा असा पुरावा तारखांनिशी क्वचितच सापडतो.

न खोळंबण्याच्या अभिवचनाला सर्वांत मोठे भगदाड पडले होते ते मात्र सॉकेटांपाशी नव्हेच. यंत्राच्या नावावरून पत्ता शोधण्याचे काम सी लायब्ररीतील ज्या कार्याकडे असते ते खोळंबणारे आहे. त्याला न खोळंबणारे जुळे रूप मानकाने दिलेले नाही. बाकी सर्व काही काटेकोर करूनही नावांचा सर्व्हर पाच सेकंद गप्प राहिला की पन्नासच्या पन्नास व्यवहार पाच सेकंद थांबत. आरंभीच्या मल्टीतही हाच दोष होता. त्यावर एक उपाय म्हणजे नावे शोधण्याचे नियम पुन्हा स्वतः लिहिणे. एमआयटीच्या ग्रेग हडसन यांच्या 'एअर्स' लायब्ररीवरून स्टेनबर्ग यांनी 'सी-एअर्स' घडविली ती यासाठी. परंतु अशी लायब्ररी यंत्रावरील स्थानिक संकेतांना सर्वस्वी अनुसरेलच असे नाही. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक शोधासाठी वेगळा थ्रेड काढून त्याला खुशाल झोपू देणे. हा दुसरा उपायच पुढे अधिक रूढ झाला. 'सीयू' प्रोग्रॅमच्या दोन प्रक्रियांचे तत्त्व काही दशकांनी येथे मागील दाराने परत आलेले दिसते.

तसेच डिस्कवरील फायलींचे. साध्या फायलीवर नॉनब्लॉक ही खूण लावली तरी तिचा काही परिणाम होत नाही. सिलेक्ट व पोल तिला सदैव सिद्ध म्हणतात, आणि ईपोल तर तिची नोंदच घेण्याचे नाकारतो. सबब, नेटवर्कवरून न खोळंबता आलेली विदा डिस्कवर लिहिताना खोळंबू शकते. टीएलएसने आणखी एक गाठ मारली: गुप्तलेखनाच्या वाटाघाटीत वाचण्यासाठी अगोदर लिहिणे आवश्यक होऊ शकते आणि लिहिण्यासाठी वाचणे. त्यामुळे 'प्रोग्रॅमला वाचावयाचे आहे, म्हणून वाचनाची वाट पाहा' हे साधे अनुमानही टिकत नाही. कोणत्या दिशेची वाट पाहावयाची हे टीएलएसच्या लायब्ररीलाच विचारावे लागते.

२०१५ मध्ये एचटीटीपी-२ चे मानक प्रसिद्ध झाले आणि अनेक व्यवहार हे अनेक सॉकेटांचे समानार्थी राहिले नाहीत. एकाच टीसीपी जोडणीवर अनेक प्रवाह तुकड्यातुकड्यांनी मिसळून वाहू लागले. लिबकर्लने त्याच वर्षी ही सोय दिली आणि २०१८ मध्ये ती न मागताच लागू केली. ईपोल किंवा केक्यूला आता एकच सॉकेट दिसते. त्याच्या आतील शंभर प्रवाहांपैकी कोणता पुढे सरकला हे केवळ लायब्ररी जाणते. कर्नलकडे गेलेली वही अशा प्रकारे अंशतः पुन्हा प्रोग्रॅमच्या कक्षेत आली. खोळंब्याचेही स्थान बदलले. टीसीपी क्रमाचे काटेकोर पालन करीत असल्याने मार्गात एक तुकडा हरवला की तो पुन्हा येईपर्यंत सर्वच प्रवाह थांबतात, मग तो तुकडा त्यांच्यापैकी कोणाचाही असो. २०२१ मध्ये मानक झालेल्या क्विकने हे टाळण्यासाठी टीसीपीच सोडून यूडीपीचा आश्रय घेतला. हरवलेल्या तुकड्यांचा आणि ओघाच्या नियंत्रणाचा हिशेबही त्यामुळे बहुतेक ठिकाणी कर्नलबाहेर, लायब्ररीत, ठेवला जाऊ लागला.

कर्नलच्या बाजूनेही २०१९ मध्ये एक वेगळे पाऊल पडले. येन्स ॲक्सबो यांच्या 'आयओ यूरिंग'ने लिनक्सच्या ५.१ आवृत्तीत सिद्धतेची वर्दी देण्याऐवजी पूर्ततेची वर्दी देण्याची रीत आणली. प्रोग्रॅम आपली मागणी एका वर्तुळाकार रांगेत ठेवतो, कर्नल ती पार पाडतो आणि निकाल दुसऱ्या रांगेत ठेवतो. साध्या फायलींचा अपवादही तीत उरत नाही. ही कल्पना नवी नव्हे. विंडोज एनटीत पूर्ततेची अशी रांग १९९४ च्या ३.५ आवृत्तीपासून होती; युनिक्सच्या परंपरेने सिद्धतेचा मार्ग धरला, आणि दुसऱ्या मार्गावर ती उशिराने आली. या नव्या रीतीत विदेची जागा मागणी पूर्ण होईपर्यंत कर्नलच्या ताब्यात राहते. व्यवहार मध्येच रद्द करावयाचा झाल्यास ती जागा केव्हा मोकळी करावी हा प्रश्न त्यामुळे सी भाषेतील प्रोग्रॅमकारापुढे नव्याने उभा राहिला आहे.

जुन्या रीती मात्र यांपैकी कोणत्याही पावलाने नाहीशा झाल्या नाहीत. सिलेक्ट पॉझिक्समध्ये आहे. लिबकर्लमधील डिस्क्रिप्टरांचे संच भरून देणारे कार्य जुन्या प्रोग्रॅमांसाठी जपलेले आहे, आणि नव्या लेखनात मल्टी पोल वापरावे अशी सूचना त्याच्या वर्णनात जोडलेली आहे. लिनक्सचे कर्नल अधिक मोठे संच स्वीकारू शकते. परंतु ग्लिबसीच्या मथळ्याच्या फायलीत त्या संचाचा आकार ठरलेला असल्याने, आणि तो बदलल्यास अगोदर भाषांतरित झालेले प्रोग्रॅम बिघडणार असल्याने, १०२४ हा आकडा तेथे तसाच आहे.